जुना थिंकपॅड टी४७० आणि डेबियन : काही महिने वापरल्यानंतर

लिनक्ससाठी (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) पहिला लॅपटॉप नवाकोरा घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. माझा थिंकपॅड टी४७० हे २०१७ चं मॉडेल, कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं, इंटेलच्या सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर असलेलं. विंडोज ११ ला मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचेच इंटेल प्रोसेसर चालतात आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सातवी पिढी दुकानदारांना जड झाली आहे. लिनक्सचं तिच्याशी काही वाकडं नाही. मला सोळा हजारांच्या आत मिळाला.

एम. जी. रोडच्या दुकानात जाताना डेबियनचा (लिनक्सचाच एक प्रकार) लाइव्ह पेन ड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारा, खिशात होता. दुकानदार म्हणाला, "दादा, विंडोज टाकूनच देतो की, वेगळे पैसे नाही घेत." म्हटलं, राहू द्या, फक्त दहा मिनिटं मशीन द्या. एफ१२ दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू केला, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, आवाज आणि कॅमेरा बघितला, झाकण मिटून परत उघडलं. हे शेवटचं करायला बरेच जण विसरतात. झोपवलेलं मशीन धड जागं होत नसेल तर बाकीचं कौतुक काय कामाचं? शेजारच्या एका देखण्या, पातळ लॅपटॉपवर तोच पेन ड्राइव्ह लावला तर वायफायचं नावच नाही. माझ्यात इंटेलचं ८२६५ कार्ड आहे. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) असतो आणि लागणारं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, डेबियन १२ पासून इन्स्टॉलरबरोबरच येतं. रॅम किती, एसएसडी केवढी, हे नंतर बघा. दोन्ही बदलता येतात. आधी वायफायची चिप विचारा.

बॅटरीही तिथेच तपासली. यूपॉवर ही कमांड मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दाखवते. आतली बॅटरी मूळची २४ वॅट-अवरची, तिच्यात १५ च्या आसपास उरलेले. स्क्रीनवरचा आकडा दाखवल्यावर दुकानदाराने घासाघीस न करता बाहेरची बॅटरी चांगली लावून दिली. हो, याला दोन बॅटऱ्या असतात. आतली चार्ज असेल तर बाहेरची चालू मशीनमधून काढून दुसरी बसवता येते. लाइट गेली की याची किंमत कळते. घरी तो बहुतेक वेळ चार्जरवरच असतो, म्हणून टीएलपी या बॅटरी सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून ठेवलंय.

काम म्हणाल तर क्लासच्या प्रश्नपत्रिका. इन्स्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्ड सेटिंगमधून जोडला की सुरू. लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) मात्र देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा ठरवावा लागतो. ते नाही केलं तर एकाच ओळीत मराठी बारीक आणि इंग्रजी ठळठळीत दिसतं. खरी डोकेदुखी निघाली जुन्या फायलींची. डीटीपीवाल्याने युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये) केलेला पेपर उघडला की प्रश्नांच्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. कन्व्हर्टरने बरंचसं सुधारतं, तरी जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात. यात लॅपटॉपचा दोष नाही. तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही मशीनवर हेच होणार.

घरातला जुना लेझर प्रिंटर काही केल्या चालला नाही. भावाचा एचपीचा प्रिंटर एचपीलिपने (एचपीच्या प्रिंटरांसाठीचं लिनक्स सॉफ्टवेअर) लगेच ओळखला. प्रिंटर घेताना लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, ते आधी शोधा. बोटाचा ठसा घेणाऱ्या सेन्सरवरही फार विसंबू नका. अशा अनेक चिपना लिनक्समध्ये सरळ आधार मिळत नाही. मी पासवर्डच टाकतो.

वेग? ब्राउझरचे दहा-बारा टॅब, लिबरऑफिस आणि एखादा व्हिडिओ, आठ जीबीत भागतं. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने मात्र या दोन कोअरच्या प्रोसेसरच्या वाटेला जाऊ नये. टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही, कोरलड्रॉची पूर्ण आवृत्ती विंडोज आणि मॅकवरच चालते. ज्यांची भाकरी त्यांच्यावर आहे, त्यांनी विंडोजचं मशीन ठेवावं. बाकीच्यांना टी४७० सापडलाच, तर रॅमचे दोन्ही स्लॉट धड आहेत ना, तेवढं मागचं झाकण उघडून बघून घ्या.