आठ महिने ‘लिप्सम’ वापरल्यावर: मराठी पुस्तकाला लॅटिन डमी पुरते का?

आधीच सांगते, मी सॉफ्टवेअरवाली नाही. नारायण पेठेत घरी बसून पुस्तकं लावते, म्हणजे स्मरणिका, गौरवग्रंथ, कवितासंग्रह, नशीब असेल तर एखादा दिवाळी अंक. पानं लावायला बरीच वर्षं पेजमेकर, मग इनडिझाइन, आणि या फेब्रुवारीपासून भाच्याच्या नादाने लाटेक (‘टेक’ नावाच्या प्रोग्रॅमवर चालतं, त्यात पान माउसने नाही, कमांड लिहून लावायचं), खरं तर त्याचाच झीलाटेक हा प्रकार, कारण युनिकोडचे मराठी फॉन्ट त्यात सरळ उचलता येतात. आमच्या धंद्यात मॅटर कधीच वेळेवर येत नाही. लेखक म्हणतात ‘तुम्ही पान कसं दिसेल ते दाखवा, तोवर मी पाठवतोच’ आणि ते ‘तोवर’ दोन महिने चालतं, म्हणून डमी मजकूर लागतो, आणि त्यासाठी लाटेकला जोडायचं लिप्सम हे तयार डमीचं पॅकेज आठ महिने जवळजवळ रोज वापरलंय.

वापरायला एकदम सोपं. बॅकस्लॅश लिप्सम लिहिलं की सात परिच्छेद पडतात, चौकटी कंसात १-३ दिलं की तीन, आत एकूण १५० आहेत. सुरुवातीला तेच जगप्रसिद्ध ‘लोरेम इप्सम’, मुळात सिसेरो या रोमन लेखकाच्या इ.स.पू. ४५ मधल्या लॅटिन लिखाणाचे तुकडे, जे १९६० च्या दशकात लेट्रासेट कंपनीच्या, अक्षरं घासून उमटवायच्या शीटवरून आणि पुढे पेजमेकरमधून सगळीकडे गेले. (मी पेजमेकरमध्ये ते वर्षानुवर्षं बघितलं, मला वाटायचं प्रोग्रॅम बिघडलाय.) मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पाचवा परिच्छेद आज, उद्या, कधीही टाका, तोच येतो. मार्जिन अर्ध्या सेंटिमीटरने बदललं तर कुठली ओळ कुठे सरकली हे दोन प्रिंट शेजारी ठेवून कळतं, दर वेळी नवीन मजकूर देणाऱ्या वेबसाइटांवर हे जमतच नाही. जोडीला ब्लाइंडटेक्स्ट नावाचं पॅकेज आहे, ते मथळे, उपमथळे, यादीच्या पोटात यादी असं सगळं खोटं पुस्तकच उभं करून देतं, अनुक्रमणिका तपासायला झकास. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, लॅटिन आहे त्यात, मराठी नाही.

आणि खरी रड तिथेच आहे.

एप्रिलमध्ये एक गौरवग्रंथ आला, डेमी साइज. ११ पॉइंट अक्षर, १५ ची ओळ, लिप्सम ओतलं, पान इतकं देखणं दिसलं की मी त्यावरच बारा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकदम छापायची पानं म्हणजे एक फॉर्म) धरून कोटेशन देऊन टाकलं. मग मॅटर आलं. वरच्या ओळीत ‘विठ्ठू’ आणि बरोब्बर त्याच्या खाली ‘मूर्तींच्या’. आता विठ्ठूच्या पोटाखाली ठ वर ठ आणि त्याला दीर्घ ऊकार लोंबतोय, आणि मूर्तींच्या डोक्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार सगळं एकदम. टेक काय करतं, दोन ओळींची टोकं भिडायला लागली की मध्ये एक पॉइंटची फट ठेवून खालची ओळ ढकलतं, फक्त तेवढीच. म्हणजे पानात एखाद-दोन ठिकाणी ओळींचं अंतर किंचित जास्त, आणि समोरासमोरच्या पानांच्या ओळी जुळत नाहीत. मला स्क्रीनवर दिसलंच नाही. प्रेसमधल्या मास्तरांनी प्रिंट ट्यूबलाइटसमोर धरला आणि म्हणाले, ‘ताई, हे पान डुगडुगतंय.’ शेवटी ओळ १७ वर नेली, भाच्याने लाइनस्किपलिमिट, म्हणजे ओळी किती जवळ आल्या की ढकलायच्या ती मर्यादा, उणे करून दिली तेव्हा ओळी जागेवर बसल्या, पण बाराचे साडेतेरा फॉर्म झाले आणि तो कागद माझ्या अंगावर पडला. लॅटिनमध्ये हे कधी होणारच नाही हो, तिथे फार तर पी खाली आणि एल वर.

दुसरं त्याहून गमतीशीर. फॉन्ट लावताना स्क्रिप्ट देवनागरी असं सांगायचं राहिलं तर जोडाक्षरं सुटी पडतात, हलन्त लोंबत राहतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाते. लिप्सममध्ये यातलं काहीही कळत नाही कारण बहुतेक चांगल्या मराठी फॉन्टात इंग्रजी अक्षरंही असतात आणि ती छानच दिसतात. म्हणजे मी आठवडाभर ज्या पानावर खूश होते त्यात मराठी उमटतच नव्हतं नीट! उलटही झालंय, एका फॉन्टात रोमन अक्षरंच नव्हती, पान कोरं, आणि तक्रार कुठे तर लॉग फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच्या नोंदी ठेवतो तिथे, जी कोण वाचतं.

दोन कॉलमच्या पानावर तर लिप्सम सरळ फसवतं. लॅटिन शब्द आटोपशीर, आपल्याकडे ‘कार्यकर्त्यांच्यासुद्धा’, ‘ग्रंथालयासमोरच्या’ असे प्रत्ययांचे डबे जोडलेली आगगाडी. कॉलम अरुंद असला की एक तर शब्द बाहेर डोकावतो नाहीतर ओळीत उंदीर पळतील एवढ्या फटी. मराठीचे शब्द तोडायचे नियम टेकमध्ये आहेत, पण ते अक्षर बघून तोडतात, अर्थ बघून नाही, हाताने दुरुस्ती करावीच लागते.

मग नेटवर मराठी डमी शोधली. मला जे मिळालं ते हिंदी शब्दांची भेळ होती, पानभर वाचून एक ळ सापडेना. ळ नाही आणि म्हणे मराठी. शेवटी जून महिन्यात पावसात लाइट जाऊन-येऊन असताना स्वतःच लिहायला बसले. एकेका परिच्छेदात मुद्दाम त्रास देणारे शब्द कोंबले: कुऱ्हाड, ऱ्हास, दुसऱ्या, चिठ्ठ्या, वाङ्मय, ऊर्ध्व, ॲम्ब्युलन्स, ऑफिस, आणि ल आणि श भरपूर, कारण फॉन्टला भाषा मराठी सांगितली नाही तर काही फॉन्टांत हिंदी वळणाचे ल-श येतात आणि आमच्याकडचं गिऱ्हाईक ते लांबूनही ओळखतं. पहिल्या खर्ड्यातला नमुना देते: ‘कुऱ्हाडीच्या दांड्याने चिठ्ठ्यांचे गठ्ठे उलटेपालटे झाले आणि वाङ्मय मंडळाची दुरावस्था ऊर्ध्वमुखी पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत उघडी पडली.’ अर्थ काही नाही. लिप्समच्या नव्या आवृत्तीत आपली मजकुराची फाइल जोडता येते, त्यामुळे कमांड तीच राहिली, फक्त आता पाचवा परिच्छेद मराठी येतो. हे कळायला मला सहा महिने लागले, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे.

शोभिका, मुक्त, टिरो देवनागरी मराठी या तिन्ही फॉन्टांवर ही फाइल टाकून बघितली, तेच अक्षर, तीच ओळ, आणि पानं तीन वेगवेगळीच येतात. आता कोटेशन या फाइलवरच देते.

एक चूक माझी कबूल करते. एका शाळेच्या स्मरणिकेत ग्रुप फोटोखाली ‘लोरेम इप्सम’ तसंच राहिलं, प्रूफ मी तीनदा वाचलेलं. शेवटच्या प्रूफला मुख्याध्यापिकाबाईंचा फोन, ‘अहो, हे लोरेम कोण? आमच्या बॅचला नव्हते.’ तेव्हापासून सगळी डमी भगव्या रंगात येते, काळ्या छपाईच्या पुस्तकात रंग दिसला की थांबायचं.

मराठी डमीचा तोटा एकच, लोक ती वाचतात. लॅटिन दाखवलं की विचारतात ‘आमच्या पुस्तकात हे इंग्लिश कशाला’, पण निदान पान बघतात. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षक काकांना मार्जिन आणि अक्षर बघायला सोळा पानं पाठवली, वर मोठ्या अक्षरात ‘नमुना मजकूर’ लिहून. चार दिवसांनी लाल पेनाने रंगवून परत. मार्जिनबद्दल एक शब्द नाही. समासात लिहिलेलं, ‘पहिल्या पानावर कुऱ्हाड, दुसऱ्यावर पाणीपट्टी, संगती लागत नाही, लेखकास भेटावयास सांगावे.’ मी फोन करून म्हटलं काका, हे खोटं आहे, तर म्हणाले, ‘खोटं असलं म्हणून अशुद्ध असावं का?’ नाविन्यचं नावीन्य, दुरावस्थाची दुरवस्था आणि उर्जाची ऊर्जा केली होती. तिन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या, फाइलमध्ये करून टाकल्या. मार्जिनचं त्यांनी अजून सांगितलेलं नाही.