जेंडर, सेक्शुअॅलिटी आणि कल्चरमध्ये एमए : वर्षभर करून झाल्यावर माझं मत

कोर्स संपला, डिझर्टेशन (शेवटचा मोठा प्रबंध) जमा झालं, आता निवांतपणे लिहितेय कारण ॲडमिशन घ्यायच्या आधी मी स्वतः असा एखादा सविस्तर रिव्ह्यू खूप शोधला होता आणि मिळाला नव्हता. युनिव्हर्सिटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली काही तक्रारीपण आहेत आणि मला बोलायचंय ते कोर्सबद्दल. माझा एक वर्षाचा फुल टाइम होता, काही ठिकाणी दोन वर्षांचा असतो.

आधी एक गैरसमज दूर करते. लोकांना वाटतं इथे वर्षभर बायकांवरच्या अन्यायाची चर्चा चालते. ती होते, पण मुख्य काम वेगळंच आहे. जी गोष्ट आपण "निसर्गतःच अशी असते" म्हणून सोडून देतो ती कुठून आली, कोणी लिहून ठेवली, कधी बदलली, हे कागदपत्रं काढून बघायचं. आमचा एक आख्खा सेमिनार फक्त आजारांच्या याद्यांवर होता. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने 1973 मध्ये समलैंगिकता मानसिक आजारांच्या यादीतून काढली आणि जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 ला, म्हणजे मध्ये तब्बल 17 वर्षं गेली! मॅडमनी जुनी पानं आणि नवी पानं शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावली आणि विचारलं की माणसं तीच होती, मग या दोन पानांच्या मध्ये बरं कोण झालं? वर्गात बराच वेळ कोणी बोललंच नाही. तो तास मी विसरणार नाही.

पहिले दोन महिने जड जातात, हे स्पष्ट सांगते. फूको, बटलर, सेजविक असे जेंडर आणि लैंगिकतेवर लिहिणारे अवघड विचारवंत सगळे एकदम अंगावर येतात आणि रीडिंग लिस्ट बघून छातीत धडकी भरते. बटलरच्या 1990 च्या पुस्तकातला मुद्दा असा की जेंडर (बाईपण, पुरुषपण) म्हणजे आत दडलेली कुठली वस्तू नाही, आपण ते रोज पुन्हा पुन्हा करत राहतो आणि त्या करण्यातूनच ते पक्कं होत जातं. आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी ते "म्हणजे सकाळी उठून आपल्याला हवं ते जेंडर घालायचं" असं वाचलं. अगदी हाच गैरसमज तेव्हाही झाला होता आणि 1993 च्या पुढच्या पुस्तकात बटलरना तो खोडून काढावा लागला, हे कळल्यावर जरा धीर आला. माझा सल्ला एवढाच की पहिल्या वाचनात नाही कळलं तर रडू नका, दोघं-तिघं मिळून मोठ्याने वाचा, आम्ही तेच केलं आणि त्यानेच निभावलं.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते इंटरसेक्शनॅलिटीचं मॉड्यूल, म्हणजे वंश, लिंग असे वेगवेगळे भेदभाव एकाच माणसावर एकत्र कसे पडतात ते बघणं. हा शब्द आजकाल कुठेही टाकतात, पण अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये तो मांडला त्यामागे कोर्टाच्या ठोस केसेस आहेत. त्यातली एक 1976 ची, पाच कृष्णवर्णीय बायकांनी जनरल मोटर्सवर केलेली. कंपनीत 1964 च्या आधी एकही कृष्णवर्णीय बाई नोकरीला घेतलेली नव्हती, मग मंदीत शेवटी आलेल्यांना आधी काढायचं ठरलं आणि साहजिकच या बायका गेल्या. कोर्टाचं म्हणणं असं की कंपनीने बायकांना नोकऱ्या दिल्यात (त्या गोऱ्या होत्या), त्यामुळे लिंगावरून भेदभाव नाही, आणि वंशाचा दावा वेगळा चालवा, दोन्ही एकत्र करून नवीन वर्ग तयार करता येणार नाही. म्हणजे नेमकं जिथे नुकसान झालं त्या जागेला कायद्यात नावच नव्हतं! आम्ही हे टप्प्याटप्प्याने वाचलं आणि त्यानंतर कुठलीही आकडेवारी बघताना "यात कोण मोजलंच गेलं नाहीये" हा प्रश्न आपोआप पडायला लागला.

आता तक्रारी. माझ्या गाईडकडे खूप विद्यार्थी होते, त्यामुळे डिझर्टेशनच्या ऐन दिवसांत मेलला उत्तर यायला दोन-दोन आठवडे लागायचे. एका असाइनमेंटचा फीडबॅक तर पुढची जमा केल्यावर आला, मग त्याचा काय उपयोग. मुलाखती घेण्याआधी भराव्या लागणाऱ्या एथिक्स फॉर्मबद्दल मात्र सगळे कुरकुर करत होते तरी मी त्याच्या बाजूने आहे. समोरच्याने आपल्याला विश्वासाने जे सांगितलं ते बाहेर फुटलं तर त्याचं घर, नोकरी, सगळंच धोक्यात येऊ शकतं, त्यामुळे त्या फॉर्ममध्ये तीन आठवडे गेले ते बरोबरच गेले.

आणि भाषेचा मुद्दा, जो मला कोणीच आधी सांगितला नव्हता. डिझर्टेशनसाठी मी मुलाखती मराठीत घेतल्या आणि नियमाप्रमाणे ट्रान्सक्रिप्ट इंग्रजीत करायला बसले. एका ट्रान्स पुरुषाची (जन्मतः मुलगी मानलेले, पण स्वतः पुरुष असलेले) मुलाखत होती, त्यांच्या परवानगीने आणि थोडं बदलून लिहितेय, ते म्हणाले, "शाळेत मी फार शांत होते, कामाला लागलो तेव्हा बोलायला शिकलो." एकाच वाक्यात होते आणि लागलो. मला वाटलं चुकून झालं, म्हणून दुसऱ्या भेटीत विचारलं, तर म्हणाले, "चुकून नाही, त्या शाळेत मुलगीच जात होती ना." इंग्रजीत दोन्हीकडे नुसतं आय, सगळं सपाट! मराठीत मी आलो, मी गेले अशा कितीतरी क्रियापदांत बोलणाऱ्याचं लिंग येतंच, माणसाला पुन्हा पुन्हा ठरवावं लागतं, आणि माझा सगळा अभ्यासाचा विषय त्या एका काना-मात्रेत होता. गाईड आधी म्हणाल्या की तळटीप द्या. मी सगळ्या रेकॉर्डिंग पुन्हा ऐकल्या, कुठे कुठे रूप बदलतंय त्याच्या खुणा केल्या, दाखवल्या, मग त्यांनी स्वतःच सांगितलं की याचं वेगळं प्रकरण करा आणि मूळ मराठी वाक्यं तशीच छापा. डिझर्टेशनमधलं तेच प्रकरण सगळ्यात चांगलं झालंय.

तर कोर्स घ्यावा का? वाचायची खरी आवड असेल आणि स्वतःची मतं बदलायची तयारी असेल तर नक्की घ्या. नोकरीची हमी म्हणून घेत असाल तर थांबा, डिग्रीच्या जोडीला रिसर्चचं किंवा डॉक्युमेंटेशनचं काम येत असेल तर संस्थांमध्ये दारं उघडतात, नुसत्या थिअरीवर अवघड जातं. ॲडमिशनच्या आधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या : एका गाईडकडे किती विद्यार्थी असतात, मुलाखतींचं ट्रेनिंग वेगळं देतात का, आणि डिझर्टेशनमध्ये मूळ भाषेतला मजकूर ठेवता येतो का. तिसऱ्याचं उत्तर नाही आलं तर मी तरी दुसरीकडे अर्ज करीन.