सात आसनी गाडीत हवा किती : दाराची पट्टी, टायरची भिंत की पंपावरचे '३५'?

कुटुंबाच्या सात आसनी गाडीत हवा भरायची म्हटली की एकाच टायरसाठी तीन वेगवेगळे आकडे समोर येतात. आमच्या गाडीत चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर खांबावर जी पट्टी दिसते, तिच्यावर चारही चाकांना ३३ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पाउंड, हे हवेच्या दाबाचे माप) आणि गाडी पूर्ण भरलेली असल्यास मागे ३६ असे छापलेले आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर वाकून पाहिले तर ५१ लिहिलेले दिसते. आणि पेट्रोल पंपावर नोझल हातात घेतलेला मुलगा काही न विचारता सगळीकडे ३५ मारून मोकळा होतो.

यांतला ५१ हा आकडा आधीच बाजूला काढावा. तो त्या टायरला सोसणारा कमाल दाब आहे, भरायचा दाब नव्हे. तोच टायर छोट्या गाडीलाही बसतो आणि मोठ्या गाडीलाही, त्यामुळे टायर बनवणाऱ्याला आपल्या गाडीचे वजन ठाऊक असण्याचा प्रश्नच येत नाही. पंपावरचे ३५ त्यामानाने निरुपद्रवी आहे. रिकाम्या गाडीत दोनने जास्त, भरलेल्या गाडीत मागे एकने कमी, एवढाच फरक. पण ती सवय आहे, हिशेब नाही. हिशेब दाराच्या पट्टीवर असतो, कारण गाडीचे वजन, सस्पेन्शन आणि टायरचा आकार यांची सांगड गाडी बनवणाऱ्याने घातलेली असते. पट्टीवर आकडे केपीए म्हणजे किलोपास्कल या दुसऱ्या मापात असतील तर २३० म्हणजे साधारण ३३ आणि २५० म्हणजे ३६ असे धरावे. मात्र मूळ आकार सोडून रुंद टायर बसवले असतील, तर पट्टी जशीच्या तशी लागू पडत नाही.

पट्टीवरच्या दोन रकान्यांपैकी कोणता निवडायचा, हा प्रश्न छोट्या गाडीपेक्षा इथे अधिक महत्त्वाचा आहे. तिसरी रांग जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेली असते, आणि तिच्या मागे बॅगा, पाण्याचा कॅन आणि कोकणातून परतताना आंब्याच्या पेट्या आल्या की वाढलेला बहुतेक भार मागच्या दोन टायरांवर पडतो. अशा वेळी मागे ३३ ठेवल्यास टायरच्या भिंती जास्त दबतात, प्रत्येक फेऱ्याला वाकतात आणि तापतात, शिवाय टायरच्या दोन्ही कडा लवकर झिजतात. उलट वर्षातले बहुतेक दिवस गाडीत दोघेच बसत असतील आणि मागे कायम ३६ असेल, तर टायर मधोमध झिजतो आणि खड्ड्यांतून गाडी आपटत जाते. प्रवासाच्या आदल्या दिवशी हवा वाढवणे आणि परतल्यावर उतरवणे कटकटीचे आहे, हे मान्य. पण ज्यांना वर्षातून चार वेळाच पूर्ण गाडी भरून जायचे असते, त्यांच्यासाठी माझ्या मते हाच योग्य पर्याय आहे. रोज शाळेची सात मुले नेणाऱ्याने खुशाल भाराचा रकाना कायम ठेवावा.

खरी गफलत आकड्यात नसून वेळेत होते. पट्टीवरचा दाब थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेली असावी. एकदा घरून निघताना ३३ असलेली हवा द्रुतगती मार्गावरच्या पंपावर ३८ दिसली. पंपावरच्या मुलाने 'जास्त आहे' म्हणून तत्परतेने ती ३३ वर आणली आणि मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेज (दाब मोजायचे यंत्र) लावले तेव्हा चारही चाकांत २८ ते २९ होते. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नये. तापल्यावरही आकडा पट्टीच्या खाली असेल तर मात्र भरावी आणि सकाळी पुन्हा मोजावी.

'उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन कमी ठेवा' हा सल्ला याच गैरसमजाचा सख्खा भाऊ आहे, आणि समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर, जिथे सिमेंटवरून तासाला १२० किलोमीटरने तासन्‌तास जाता येते, तो धोकादायक ठरतो. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. तापमान दहा अंशांनी बदलले की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो, शिवाय महिन्याला एखादा पीएसआय आपोआप झिरपतो. त्यामुळे पुण्यात दिवाळीनंतर थंडी पडली की हवा कमी करण्याची नव्हे, तर भरण्याची वेळ आलेली असते.

नायट्रोजनविषयी थोडक्यात: साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश झिरपतो, पण आकडा तोच ठेवावा लागतो आणि तपासणीही चुकत नाही. नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हवर बसवतात त्या हिरव्या टोपीसाठी पैसे मोजण्याऐवजी त्यातून एक चांगले गेज घ्यावे, कारण पंपावरची हवा फुकट असली तरी तिथवर जाईपर्यंत टायर तापलेला असतो.

टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणारा डॅशबोर्डवरचा दिवा गेजची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेत २००७ पासून नव्या गाड्यांना तो बंधनकारक आहे, पण तिथल्या नियमानुसार तो दाब २५ टक्क्यांनी घटल्यावर लागायचा असतो. ३३ च्या हिशेबाने २५ च्या आसपास. माझ्या २८ वर तो लागलाच नसता. काही गाड्यांत टायरमध्ये दाबाचा सेन्सर नसतो, फक्त चाकांच्या वेगांची तुलना केली जाते. तिथे चारही टायर सारखेच उतरले तर फरक कळणे कठीण.

राहता राहिली स्टेपनी. ती बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिचा दाब वेगळा, बहुधा ६० पीएसआय असतो, आणि तो तिच्यावरच छापलेला असतो. पूर्ण आकाराची असेल तर भाराच्या रकान्याइतकी हवा तिच्यात ठेवावी. वेळ आली तर हवा उतरवता येते. घाटात भरता येत नाही.