रादा की युनियन? पोलंडमधल्या कारखान्यात नवीन लागलेल्यांसाठी

व्रोत्सवाफला कारखान्यात लागलात की कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, युनियनमध्ये येतोस की 'रादा'च्या निवडणुकीला उभा राहतोस? (रादा म्हणजे कामगार कौन्सिल. राडा नव्हे, राडा ती बिचारी कधीच करत नाही.) मी आधी रादावर होतो, आता युनियनमध्ये आहे.

रादा 2006 च्या कायद्याने आली, पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेल्यावर. जुनी माणसं तिला हसतात, कारण 1981 च्या कायद्यात सरकारी कारखान्यातल्या कौन्सिलचा हात डायरेक्टर नेमण्यात पण असायचा, 1990 नंतर खाजगीकरण होत गेलं तसं ते सगळं गेलं. आताच्या रादाला माहिती मिळते आणि मत देता येतं, बस. तसं वातावरण छान, कॉफी, स्लाइड्स, मला ताळेबंद वाचायला तिथेच आलं.

पण एकदा मॅनेजमेंटने रात्रपाळी बंद करायचा प्लॅन दाखवला आणि वर 'गोपनीय' शिक्का. कायद्यानेच तोंड बंद. दुसऱ्या दिवशी माझ्याच लाइनवरचा मित्र डबा खाताना विचारतो, गाडीचं लोन काढू का, रात्रपाळीच्या जादा पैशात हप्ता सुटेल. मी भाजीत चमचा फिरवत बसलो, 'थांब की जरा' एवढंच म्हणालो. तो कशाला थांबतोय.

युनियनवाल्यांनाही सगळं बाहेर बोलता येतं असं नाही, पण निदान संपाचं हत्यार हातात असतं. दहा जण जमले की युनियन काढता येते, आणि 2019 पासून 'झ्लेत्सेनिए' करारावरचे (म्हणजे पक्क्या नोकरीचा नव्हे, नुसत्या कामापुरता करार) पण सभासद होऊ शकतात, एजन्सीतून आलेले आपले बरेच जण त्यातलेच, त्यांना हे कुणी सांगतच नाही. त्रास म्हणाल तर वर्गणी कापली जाते, आणि 'सोलिदारनोश्च' नि 'ओपेझेटझेट' या दोन्ही युनियन असतील तर कँटीनमध्ये टेबलंसुद्धा वेगळी. एक 1980 च्या ग्दान्स्कच्या संपातून जन्मलेली, दुसरी 1984 ला कम्युनिस्ट सरकारच्या आशीर्वादाने निघालेली, आणि आमच्याकडे तरी ते भांडण अजून मिटलेलं नाही, आपण मध्ये पडायचं नाही.

पर्मनंट असाल, पोलिश बरी असेल आणि आकड्यांची आवड असेल तर रादा वाईट नाही, खरंच. मला जमलं नाही, इतकंच. तो मित्र हल्ली बोलतो माझ्याशी, पण गाडीत बस म्हणत नाही.