विलायतेतल्या खेड्याची वही : ‘फ्रीरेग’ कितपत कामाची?

पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराणी सापडतात, तशी इंग्लंडमधल्या खेड्यांतली माणसं चर्चच्या रजिस्टरांत सापडतात: बाप्तिस्मा, लग्न, दफन. 1538 पासून या नोंदी ठेवायचा हुकूम आहे. स्वयंसेवकांनी त्या वाचून ‘फ्रीरेग’ या संकेतस्थळावर चढवल्यात आणि शोधायला एक पैसा लागत नाही. सोलापूरच्या जुन्या इंग्रज थडग्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी ही सेवा वापरावीच.

सुरुवात मात्र ‘फिबिस’ या, ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांच्या नोंदी जमवणाऱ्या संस्थेच्या मोफत शोधापासून करा. इथं वारलेल्या माणसाचं दफन त्याच्या गावच्या रजिस्टरात नसतं; मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/3’ मालिकेत आहेत. मृत्यूचं वय मिळालं की जन्मसाल काढा आणि दोन-चार वर्षं मागंपुढं धरून फ्रीरेगवर बाप्तिस्मा शोधा.

तिथं आडनाव रोमन लिपीत टाका, काउंटी (तिथला जिल्हा) निवडा आणि ‘साउंडेक्स’वर, म्हणजे सारख्या उच्चाराची आडनावं धरणाऱ्या पर्यायावर, खूण करा, कारण एकच आडनाव पाद्री तीन तऱ्हांनी लिहायचे. गाव निवडलं की जवळची ठिकाणंही धरा. पॅरिश म्हणजे चर्चचं गाव आणि भोवतीच्या वाड्या. लग्न बहुधा मुलीच्या पॅरिशमध्ये लागायचं, पहिल्या बाळाचा बाप्तिस्माही कधी कधी तिच्या माहेरी. एकाच गावावर अडून बसलात तर अर्धं घराणं हातचं जातं.

1813 पासूनचे छापील तक्ते सर्वांत उपयोगी: बाप्तिस्म्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण, दफनात वय. त्याआधी बऱ्याचदा नुसती नावं, कधी लॅटिनमध्ये. ‘गुलिएल्मस’ म्हणजे विल्यम. 1752 पूर्वी वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून रजिस्टरातला 10 फेब्रुवारी 1720 हा आपल्या हिशेबानं 1721. इथं भलेभले चुकतात. शिवाय बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख धरू नका.

मोठी उणीव एकच: मूळ पानाचं चित्र दिसत नाही, वाचणाऱ्याची चूक तशीच उतरते. काही काउंट्या भरगच्च, काही विरळ. निकाल शून्य आला तर त्या गावची कोणती वर्षं चढवलीत ती यादी आधी बघा. वर्षं असूनही नाव नसेल, तर घर मेथडिस्ट किंवा बाप्टिस्ट, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथाचं, असू शकतं. त्यांची रजिस्टरं वेगळी. आणि नाव सापडलं तरी लेखात छापण्यापूर्वी काउंटीच्या अभिलेखागारातून मूळ पानाची प्रत मागवाच.