‘लिव्ह ऑन’ की ‘लिव्ह ऑफ’? आत्याच्या पत्रावरून ठरलेली निवड

माणूस कशावर जगतो हे इंग्रजीत लिहायची वेळ आली की ही दोन क्रियापदं समोर उभी राहतात. दोन्हींचा अर्थ ‘-वर जगणे’ असाच आपण शिकलोय, आणि तो चुकीचाही नाही. पंचाईत होते ती अर्ज लिहायला बसल्यावर.

माझी झाली आत्यापायी. इंदुरात रामबागेत राहणारी आमची आत्या मुलाकडे परदेशी निघाली होती आणि व्हिसासाठी पत्र हवं होतं. घरात इंग्रजी शिकवणारा मी एकटा, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. मी झोकात लिहिलं, ‘शी लिव्ज ऑफ हर सन’, आणि मसुदा तिकडे पाठवला. संध्याकाळी तिच्या सुनेचा फोन. “भाऊजी, आई आमच्या जिवावर बसून खातात, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

व्याकरणात खोट नव्हती. पण ‘ऑफ’च्या पुढे माणूस आला की वाक्यात बहुतेकदा टोमणा शिरतो. मराठीत आपण हा फरक बरोबर पाळतो: पेन्शनवर जगतात ती भली माणसं, पोराच्या जिवावर जगतो तो ऐतखाऊ. इंग्रजीत मात्र हा सगळा फरक त्या एवढ्याशा ‘ऑफ’मध्ये दडलेला, आणि तो मला सुनेनं दाखवावा लागला.

‘ऑफ’वर अन्याय नको. पुढे माणूस नसेल तर तो निरुपद्रवी आहे. ‘लिव्ह ऑफ द लँड’ म्हणजे शेत, रान, नदी जे देईल त्यावर निभावणं. तिथे ‘ऑन’ लावलात तर अर्थ नुसता जमिनीवर राहण्याचा होतो. साठवलेल्या पैशाच्या व्याजावर कुणी जगत असेल तर तिथेही ‘ऑफ’ छान बसतो.

रोजच्या खाण्याला आणि ठरावीक रकमेला मला ‘ऑन’ सोयीचा वाटतो. ‘इंदोरीज लिव्ह ऑन पोहा’ हे वाक्य मी वर्गात टाकतो. वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जिरावन मसाला डोळ्यांपुढे आले की पोरं क्रियापद विसरत नाहीत. (जलेबी वाक्यात बसत नाही, त्याची तक्रार दरवर्षी येते.)

‘ऑन’ही अगदी साधा नाही. ‘जगायला पुरेसे पैसे’ म्हणजे ‘इनफ मनी टू लिव्ह ऑन’. शेवटचा ‘ऑन’ आपली मुलं हमखास गाळतात, कारण मराठीत ‘वर’ असा वाक्याच्या शेवटी लोंबकळत नाही. शिवाय अहिल्याबाईंना जाऊन सव्वादोनशेहून अधिक वर्षं झाली तरी ‘हर नेम लिव्ज ऑन’, म्हणजे नाव अजून टिकून आहे. तिथे बोलताना जोर ‘ऑन’वर पडतो, पोह्यांच्या वाक्यात तो ‘लिव्ह’वर असतो. कानाला कळतं, कागदावर कळत नाही.

कुणी ‘ईक आउट’ सुचवेल. तो शब्द मला आवडतो, पण त्याची जागा वेगळी. अवचित पाहुणे आले की आई आमटीत तांब्याभर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ती सगळ्यांना पुरवायची, तो खरा ‘ईक आउट’. ‘ईक’ म्हणजे जुन्या इंग्रजीत वाढवणं, भर घालणं. ‘निकनेम’मधलं ‘निक’ त्यातूनच आलं, म्हणजे जोडीचं नाव. पोटापुरतं कसंबसं मिळवण्यालाही तो आता वापरतात, पण व्हिसाच्या पत्रात ही ओढाताण कोण दाखवेल?

तेव्हा मी आपला ‘ऑन’वर आलो. तुमचं मत निराळं असू शकेल, पण पुढे माणूस येणार असेल तर जरा थांबा. मी वाक्य बदलून ‘शी लिव्ज ऑन हर पेन्शन अँड द मनी हर सन सेंड्स’ केलं. आत्याला वाचून दाखवलं तर तिला ‘ऑन’-‘ऑफ’चं काही नव्हतं, पेन्शन आधी आली, एवढ्यावर ती खूश. सुनेनं उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.