‘शंभर टक्के नैसर्गिक’ मलमात निघालं स्टेरॉइड

लहान बाळाच्या इसबावर तुम्ही एखादं घरगुती, फक्त वनस्पतींपासून बनवलेलं मलम लावत असाल आणि ते लावल्यावर दोन-तीन रात्रींत अंग स्वच्छ झालं असेल, तर हे नीट वाचा. माझ्या लेकीला आम्ही असंच एक मलम लावत होतो. डबीवर घटक म्हणून काही तेलांची नावं आणि मधमाश्यांचं मेण, एवढंच छापलं होतं. प्रयोगशाळेत तपासल्यावर त्यात क्लोबेटासोल प्रोपियोनेट सापडलं. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांमध्ये सर्वांत जहाल गटात मोडणारं हे औषध आहे. तान्ह्या बाळासाठी तर ते नाहीच, मोठ्या माणसालाही डॉक्टर ते मोजून-मापून, थोड्या काळासाठीच देतात.

हे मलम आमच्या घरात आलं ते विश्वासाच्या वाटेनं. ज्या बाईंकडून घेतलं त्यांना आम्ही सगळ्या जणी ताई म्हणायचो. त्यांची स्वतःची मुलं मोठी झालेली, बोलणं मऊ, कुणाचंही बाळ रडलं की धावून जाणार. ‘मी माझ्या घरात जे वापरलं तेच सांगते,’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य. नव्यानं आई झालेल्या प्रत्येकीला त्या आपल्या आवडीच्या वस्तूंची यादी द्यायच्या. कापडी लंगोट, वास नसलेला साबण, काचेची बाटली, लाकडी खेळणी, सुती दुपटी. यातल्या बऱ्याच गोष्टी खरोखर चांगल्या होत्या आणि आजही मी त्या वापरते. लंगोटांमुळे कचरा कमी झाला, बिनवासाच्या साबणानं लेकीच्या अंगाची आग थांबली. यादीतल्या दहांपैकी आठ गोष्टी खऱ्या निघाल्या की उरलेल्या दोन कुणी तपासत बसत नाही. फसवणारा माणूस सगळंच खोटं विकत नाही. मला सर्वांत जास्त राग याचाच येतो, कारण त्या चांगल्या वस्तू आमचा भरवसा मिळवण्यासाठी पुढे केलेल्या होत्या आणि खरा नफा त्या मलमात होता.

लेकीला गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत इसब होतं. रात्र रात्र खाजवायची, चादरीला रक्ताचे ठिपके लागायचे. डॉक्टरांनी सौम्य मलम आणि भरपूर ओलावा देणारं क्रीम सांगितलं होतं, पण फरक हळूहळू पडत होता. ताई म्हणाल्या, ‘ती रसायनं कशाला? त्यात स्टेरॉइड असतं गं. हे लाव, सगळं झाडपाल्याचं आहे.’ स्टेरॉइडची भीती घालून त्यांनी त्याहून कितीतरी पट जहाल स्टेरॉइड आमच्या हातात दिलं.

लावलं आणि चमत्कार झाला. खाज गेली, लाली गेली, बाळ शांत झोपलं. घरातले सगळे ताईंना दुवा देऊ लागले.

पुढे जे झालं ते सावकाश झालं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मलम बंद केलं की इसब आधीपेक्षा जोरानं उसळायचं. ताईंना विचारलं तर उत्तर तयार असायचं, ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय. थांबवू नकोस, लावत राहा.’ हे उत्तर लक्षात ठेवा, कारण अशा मलमांचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. जहाल स्टेरॉइड अचानक बंद केलं की दबलेली सूज उलटून येते आणि त्वचा आग ओकते. ते विष बाहेर पडणं नव्हे, औषध अचानक तुटल्याचा परिणाम आहे. आई घाबरते, पुन्हा डबी उघडते, पुन्हा सगळं शांत होतं आणि मलमावरचा विश्वास आणखी घट्ट होतो. पुढची डबी मागवली जाते.

लेकीचे गाल गोल गोल झाले. आम्हाला वाटलं, बाळसं धरतंय. गालांवर बारीक लव वाढली, कोपराच्या खोबणीतली त्वचा इतकी पातळ झाली की खालच्या लाल शिरा दिसू लागल्या. लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी तिचं वजन आणि उंची तक्त्यावर मांडली आणि त्या थांबल्या. वजन चढत होतं, उंची मात्र मागे पडत होती. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘अंगाला काय लावता?’ मी म्हटलं, ‘औषध काहीच नाही, एक नैसर्गिक मलम.’ ‘ते घेऊन या. डबी, झाकण, वेष्टण, सगळं.’

त्यांनी डबी उघडली आणि बोटावर थोडं घेऊन चोळलं. मग मला जे दाखवलं ते प्रत्येक आईला माहीत असायला हवं. नुसतं तेल आणि मेण एकत्र केलं की पिवळसर, तेलकट, घट्ट असा लेप बनतो. तो त्वचेवर चकाकत राहतो. आमच्या डबीतलं मलम पांढरंशुभ्र, हलकं होतं आणि चोळल्यावर क्षणात जिरत होतं. म्हणजे त्यात पाणी आहे आणि तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थही आहे. वेष्टणावर दोन्हींचा पत्ता नाही. आणि पाणी असलेलं मलम, संरक्षक न घालता, दमट न्हाणीघरात महिनोन्‌महिने ठेवलं तर त्याला बुरशी यायला हवी, वास सुटायला हवा. आमच्या डबीला काहीही झालं नव्हतं. मलमात काय काय लपवलंय हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही, पण वेष्टण खोटं बोलतंय हे बोटानं कळतं.

रक्ताची तपासणी झाली. सकाळच्या वेळी शरीरात जे कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, भरपूर असायला हवं, ते लेकीच्या रक्तात फारच कमी होतं. डॉक्टरांनी समजावलं ते असं: बाळाची त्वचा पातळ असते, वजनाच्या मानानं त्वचेचं क्षेत्र मोठं असतं, आणि लंगोटाखाली झाकलेल्या जागी लावलेलं औषध आणखी आत शिरतं. असं रोज होत राहिलं की स्टेरॉइड रक्तात उतरतं. शरीराला वाटतं, आपल्याकडे पुरेसं आहे, आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतात. अशा अवस्थेत बाळाला मोठा ताप आला, जुलाब-उलट्या झाल्या किंवा शस्त्रक्रिया करावी लागली, तर जिवावर बेतू शकतं. मलम एका दिवसात बंद करणंही म्हणूनच धोक्याचं. आम्हाला पायरी पायरीनं सौम्य औषधावर आणलं गेलं आणि कुठल्या आजारपणात ताबडतोब रुग्णालय गाठायचं हे कागदावर लिहून दिलं. आता तिचं कॉर्टिसोल पूर्ववत आहे, उंचीही वाढते आहे. इसब अजून अधूनमधून डोकावतं, तसं ते लहान मुलांत डोकावतंच.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. स्टेरॉइडचं मलम म्हणजे राक्षस नव्हे. बाळाच्या इसबावर डॉक्टर योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरावीक दिवसांसाठी जे देतात त्यानं मुलांना खरा आराम मिळतो. आमची फसवणूक स्टेरॉइडनं केली नाही, ते लपवणाऱ्या माणसानं केली. काय लावतोय आणि किती लावतोय हेच जर कळू दिलं नाही, तर सांभाळून वापरणार कसं?

हे फक्त आमच्या वाट्याला आलं असंही नाही. लंडनच्या एका रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्वचेच्या विकारांवर दिली जाणारी वनस्पतींची ११ क्रीम तपासली, त्यांपैकी ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. तो अहवाल १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. २००३ मध्ये बर्मिंगहॅममधल्या डॉक्टरांनी मुलांना लावल्या जाणाऱ्या ‘वनस्पतिजन्य’ क्रीमचे २४ नमुने तपासले. २० मध्ये स्टेरॉइड होतं, काहींत तर हेच क्लोबेटासोल. त्या आईवडिलांनाही कुणीतरी हेच सांगितलं असणार, की यात काही नाही, झाडपालाच आहे.

आमच्या मलमाच्या तपासणीचा अहवाल हातात आल्यावर मी ताईंना फोन केला. आधी त्या म्हणाल्या, तुझ्या बाळाची प्रकृतीच वेगळी आहे. मग म्हणाल्या, प्रयोगशाळा औषध कंपन्यांच्या खिशात असतात. मी विचारलं, बनवतं कोण, कुठे बनतं, बॅच नंबर काय? त्यावर ‘घराण्याची कृती आहे, ती सांगायची नसते.’ पैसे परत मागितले तेव्हा बोलणंच बंद झालं. काही काळानं एका मैत्रिणीच्या घरी तीच डबी दिसली, वेगळ्या नावाची चिठ्ठी लावलेली. मैत्रिणीनं ती लगेच तपासायला दिली. तीच गोष्ट निघाली.

मग मी यादीतल्या बाकी वस्तूंकडे नव्यानं पाहिलं. ‘शुद्ध बांबूचे’ म्हणून घेतलेले कपडे मऊ आहेत, बाळाला टोचत नाहीत, पण ते व्हिस्कोज आहे. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांसारख्या रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढतात. झाडातल्या जंतुनाशक गुणांचा जो दावा केला जातो, तो या धाग्याला लागू पडत नाही. अमेरिकेत व्हिस्कोजला बांबू म्हणून विकल्याबद्दल २०२२ मध्ये दोन मोठ्या दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर दंड भरावा लागला, म्हणजे कायद्याच्या नजरेतही ही दिशाभूलच आहे. धागा जाळून बघा असं कुणी सांगेल, त्याचा इथे उपयोग नाही. सूत आणि व्हिस्कोज दोन्ही कागदासारखेच जळतात.

‘बांबूचा’ पेला तर मी त्याच दिवशी बाजूला काढला. तसे बरेच पेले म्हणजे मेलामाइनच्या प्लास्टिकमध्ये कालवलेली बांबूची पूड असते, आणि गरम पेय ओतलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड व मेलामाइन ही अपायकारक रसायनं पेयात उतरू शकतात. युरोपीय संघात अशा भांड्यांच्या विक्रीला परवानगी नाही.

आणि दात येताना घालायची अंबरची माळ. ती विकताना सांगतात की अंगाच्या उबेनं त्यातलं सक्सिनिक आम्ल त्वचेत उतरतं आणि वेदना थांबतात. अंबर हा कठीण, कोट्यवधी वर्षं जुना राळेचा दगड. अंगाच्या उबेला त्यातून असं काही औषध उतरतं याला पुरावा नाही. धोका मात्र खरा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं डिसेंबर २०१८ मध्ये अशा माळांविरुद्ध इशारा दिला, त्यात दुपारच्या झोपेत माळेचा गळफास बसून गेलेल्या अठरा महिन्यांच्या बाळाचा उल्लेख आहे. तुमच्या घरात अशी माळ असेल तर आजच काढून टाका. यावर मला दुसरं काही म्हणायचंच नाही.

आता मी विकत घेताना एवढंच बघते, की उत्तर मिळतं का. सगळे घटक लिहिलेत का, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, बॅच नंबर आणि मुदत आहे का. सेंद्रिय कापडावर जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं चिन्ह असेल तर सोबत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्या खुल्या नोंदीत शोधून जुळवता येतो. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दामागे बहुतेक ठिकाणी कुठलीच सक्तीची कसोटी नसते, कुणीही तो छापू शकतं. आणि विकणारी व्यक्ती प्रश्नांवर चिडत असेल, ‘विश्वास नाही का’ असं विचारत असेल, तर तिथे थांबा. खऱ्या माणसाला घटक सांगायला त्रास होत नाही.

अशी डबी तुमच्याकडे असेल तर कृपा करून ती फेकू नका. आणि बाळाला महिनोन्‌महिने लावत असाल तर आपल्या मनानं एकदम बंदही करू नका, तीच डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. किती दिवस, अंगाच्या कोणत्या भागावर, दिवसातून किती वेळा लावलं, सगळं खरं खरं सांगा. उरलेलं मलम, वेष्टण, पैसे दिल्याची नोंद, विकणाऱ्याचे संदेश जपून ठेवा. यांच्या जोरावरच औषध नियंत्रण खात्यानं आमची तक्रार नोंदवून घेतली आणि सीलबंद नमुना नेला. आम्ही मैत्रिणीची डबीही जोडली, त्यामुळे नाव बदललं तरी माल तोच आहे हे कागदावर आलं. चौकशी अजून चालू आहे, पैसे परत मिळालेले नाहीत आणि ताई अजूनही नव्या आयांना यादी देतात असं कानावर येतं. तुमच्या हातात अशी यादी आली आणि तिच्यात बिनानावाचं, बिनापत्त्याचं पांढरं मलम असेल, तर ते बाळाला लावण्याआधी तपासायला द्या.